पाण्याच्या वेळेने पाहावयाचे बेट : वऱ्हाडातून दीवला जाणाऱ्यांसाठी

आमच्या तालुक्याच्या नावातच दर्या आहे, दर्यापूर. पण खरा दर्या पाहिलेली माणसे आमच्या गावात अजूनही मोजकीच आहेत. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा असल्यामुळे खारट पाणी आम्हाला जन्मापासून माहीत आहे, मात्र दिवसातून दोनदा चढणारे आणि दोनदा उतरणारे पाणी आमच्या अनुभवात नाही. गेल्या काही वर्षांत घरच्या आणि शेजारपाजारच्या मंडळींना घेऊन मी तीन वेळा दीव बेटावर जाऊन आलो. त्यांपैकी पहिली खेप जवळजवळ वाया गेली आणि पुढच्या दोन मनासारख्या झाल्या, म्हणून आपल्याकडच्या गावांतून तिकडे जाऊ पाहणाऱ्यांसाठी ही माहिती लिहून ठेवत आहे.

पहिली खेप का वाया गेली, ते आधी सांगतो. आम्ही ज्या भाड्याच्या गाडीने गेलो होतो, तिच्या चालकाने सोमनाथहून सकाळी निघून, दीव पाहून, रात्री परत सोमनाथला, असा बेत आखला होता आणि आम्हालाही त्यात काही गैर वाटले नाही. समुद्रालगतच्या गंगेश्वर महादेवाच्या पायऱ्या उतरलो तेव्हा भरतीच्या पाण्याखाली शिवलिंगे दिसेनाशी झाली होती. किल्ल्यात पाऊल ठेवले आणि थोड्याच वेळात पहारेकरी बाहेर पडण्याची सूचना देऊ लागला. नागोवा किनाऱ्याच्या वाळूवर मुलांना अर्धा तासही मिळाला नाही. तेव्हा पहिली गोष्ट अशी की दीवसाठी किमान दोन मुक्काम, म्हणजे तीन दिवस ठेवावेत, आणि दुसरी त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की बेटावरचा दिवस घड्याळाच्या नव्हे, तर पाण्याच्या वेळेने आखावा.

बेट कुठे आहे आणि कधी जावे

सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, उना या गावापासून सुमारे 15 किलोमीटरवर, मुख्य भूमीला जवळजवळ चिकटून दीव बेट आहे. मधे खाडीचा एक अरुंद पट्टा आहे आणि त्यावर पूल असल्यामुळे एस.टी.सारखी बस किंवा जीप थेट बेटावर जाते. होडीची गरज पडत नाही. पलीकडच्या काठावरील घोघला हे गावही दीवमध्येच मोडते. संपूर्ण दीव जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 40 चौरस किलोमीटर आहे. आपल्या हिशेबाने सांगायचे तर हे जेमतेम दहा हजार एकर होतात, म्हणजे आपल्याकडच्या काही मोठ्या गावांची शिवारे एकत्र केली तरी तेवढी जमीन भरेल. 2011 च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या सुमारे 52 हजार होती. भाषा गुजराती, कारभार केंद्रशासित. 26 जानेवारी 2020 पासून दादरा आणि नगर हवेली, दमण व दीव असा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

शेतकरी कुटुंबाला सवड केव्हा असते, हे पाहूनच महिना ठरवावा लागतो. माझ्या मते संक्रांत झाल्यावरचा पंधरवडा सर्वांत चांगला: तूर घरात आलेली असते, कापसाचा शेवटचा वेचा उरकत आलेला असतो आणि हरभरा सोंगणीला अजून थोडा अवकाश असतो. त्या काळात तिकडची हवाही सुखाची असते. दिवाळीच्या सुट्टीत मुले मोकळी असतात हे खरे, परंतु संपूर्ण गुजरातेतून त्याच आठवड्यात माणसे दीवकडे लोटतात आणि खोल्यांचे दर दुप्पट-तिप्पट होतात. नाताळात आणि शनिवार-रविवारी हीच गत असते. जून ते सप्टेंबर या काळात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे पावसाळ्यात जाऊ नये. उन्हाळ्याबद्दल एवढेच सांगतो की अकोल्याचे पंचेचाळीस अंशांचे कोरडे ऊन सोसलेला माणूसही तिकडच्या दमट हवेत घामाने हैराण होतो.

महिना ठरला की पंचांग उघडावे. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडले तर भरती मोठी येते आणि ओहोटीला पाणीही दूरवर हटते. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांना हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. अष्टमीच्या सुमारास हा चढ-उतार कमी असतो. भरती रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते, हे लक्षात ठेवले म्हणजे पहिल्या दिवशी वेळ विचारून घेतल्यावर पुढच्या दोन दिवसांचा हिशेब आपला आपण करता येतो. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याची जुनी रीत आहे, परंतु ती त्या किनाऱ्याची आहे. दीवमध्ये मुक्कामाच्या ठिकाणी किंवा धक्क्यावरच्या कोळी बांधवांना विचारावे, ते तोंडपाठ सांगतात.

प्रवास आणि मुक्काम

हावडा-मुंबई मार्गावरील बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला ही आपली स्थानके. बडनेरा किंवा अकोल्याहून भुसावळ, सुरत मार्गे अहमदाबादला जाणाऱ्या गाड्या मिळतात आणि त्या प्रवासाला साधारण बारा ते चौदा तास लागतात. अहमदाबादहून रात्री निघणारी सोमनाथ एक्सप्रेस सकाळी वेरावळला पोहोचवते. वेरावळहून दीव रस्त्याने सुमारे 90 किलोमीटर आहे. ज्यांना गाडी बदलण्याचा कंटाळा असेल त्यांनी सुरतेला उतरून रात्रीची खासगी बस धरली तरी चालते. मात्र म्हातारी माणसे सोबत असतील तर मी रेल्वेच सुचवेन, कारण रात्रभर बसून गेल्यावर गुडघे आणि पाऊल सुजतात आणि किल्ल्याचा चढ मग जड जातो. आरक्षण दोन महिने आधी करावे, आणि परतीचे तिकीट त्याच दिवशी काढून ठेवावे.

मुक्काम नागोव्याच्या किनाऱ्यावर न करता दीव शहरात करावा. किनाऱ्यावरची हॉटेले महाग आहेत आणि शहरात राहिले म्हणजे किल्ला, चर्च, बाजार आणि धक्का पायी हिंडता येतो. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचे मूळ आधार कार्ड जवळ असावे. दुचाकी भाड्याने मिळते, परंतु परवाना मूळ लागतो. पाच-सहा माणसे असतील तर दिवसभराची रिक्षा ठरवणे सोयीचे पडते, आणि तेव्हा रिक्षावाल्याला ठिकाणांची यादी न देता ओहोटीची वेळ आधी विचारावी.

किल्ल्यात जाण्याआधी जाणून घ्यावे असे

दीवचा किल्ला पाहून "दगडच दगड" असे म्हणत बाहेर पडणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यात त्यांचा दोष नाही. कोणी त्यांना गोष्ट सांगितलेली नसते. म्हणून आदल्या रात्री जेवण झाल्यावर मुलांना जवळ बसवून पुढील इतिहास सांगावा, असा माझा आग्रह आहे.

पंधराव्या-सोळाव्या शतकात दीव हे गुजरातच्या सुलतानाचे भरभराटीचे बंदर होते. गुजरातेत विणलेले सुती कापड येथून अरबस्तानात आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात असे. आपण कापूस पिकवणारी माणसे आहोत, तेव्हा कापडाच्या गाठींसाठी राज्ये कशी लढली हे आपल्याला समजायला कठीण नाही. पोर्तुगीजांना हा व्यापार आपल्या ताब्यात हवा होता. 3 फेब्रुवारी 1509 रोजी दीवच्या समुद्रात पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याच्या आरमाराने इजिप्तचे मामलुक राज्यकर्ते, गुजरातचा सुलतान आणि कालिकतचा राजा सामुद्री यांच्या एकत्रित आरमाराचा पराभव केला. त्यानंतर अरबी समुद्रात पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याशिवाय व्यापारी जहाज चालवणे धोक्याचे झाले. समुद्रावर जणू जकात नाका बसला.

तरीही दीव त्यांच्या हाती लगेच आले नाही. 1531 चा हल्ला फसला. पुढे हुमायूनने गुजरातेवर स्वारी केली आणि संकटात सापडलेल्या सुलतान बहादूरशाहाने 1535 मध्ये मदतीच्या बदल्यात पोर्तुगीजांना दीवला किल्ला बांधू दिला. वसई तर त्याने 1534 च्या तहानेच देऊन टाकली होती. हा बहादूरशाह आपल्याला अगदी परका नाही: 1528 च्या सुमारास तो वऱ्हाडच्या इमादशाहाच्या बाजूने निजामशाहीविरुद्ध दख्खनेत उतरला होता, आणि त्या इमादशाहीची राजधानी म्हणजे आपले अचलपूर, तेव्हाचे एलिचपूर. पुढे 1537 च्या फेब्रुवारीत पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या याला भेटायला तो जहाजावर गेला, परतताना झटापट झाली आणि दीवच्या पाण्यातच त्याचा अंत झाला.

किल्ल्याने दोन मोठे वेढे सोसले. 1538 मध्ये इजिप्तचा तुर्की सुभेदार सुलेमान पाशा मोठे आरमार घेऊन आला आणि नोव्हेंबरात हात हलवत परत गेला. 1546 चा वेढा त्याहून भयंकर होता. तो एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत चालला आणि गोव्याहून आलेल्या पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रोने तो मोडून काढला. तोपर्यंत किल्ला उद्ध्वस्त झाला होता आणि नव्याने बांधायला पैसा नव्हता. तेव्हा कास्त्रोने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. सातबारा गहाण ठेवून पीककर्ज काढणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट एकदा सांगितली की ती कायमची लक्षात राहते, आमच्या गटातील एक काका किल्ल्याच्या प्रत्येक बुरुजापाशी "हा दाढीवरचा का?" असे विचारत होते, आणि त्यांना उत्तर बहुतेक वेळा "होय" असेच द्यावे लागत होते, कारण आज उभ्या असलेल्या भिंतींचा मोठा भाग त्या पुनर्बांधणीतला आणि त्यानंतरचा आहे.

वसई चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये जिंकली. दीव मात्र 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिले. गोव्याबरोबरच, 18 आणि 19 डिसेंबर 1961 या दोन दिवसांच्या कारवाईत भारतीय सैन्याने ते मुक्त केले. येथे चकमक चांगलीच झाली. नौदलाच्या आयएनएस दिल्ली या युद्धनौकेने आणि हवाई दलानेही त्यात भाग घेतला. त्यानंतर 30 मे 1987 पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता.

किल्ला

सकाळी उघडताच आत जावे आणि निदान अडीच तास ठेवावेत. किल्ला बेटाच्या पूर्व टोकावर आहे. तीन बाजूंना समुद्र आणि चौथ्या बाजूला खडक फोडून केलेला खंदक अशी त्याची रचना असून खंदकात भरतीचे पाणी शिरते. दरवाजाच्या पुलावर क्षणभर थांबून खाली पाहावे: खंदकाच्या भिंतींवर पाणी कुठवर चढते त्याची काळसर रेषा दिसते, आणि त्या रेषेच्या खाली शंख-शिंपल्यांची खरबरीत पुटे चिकटलेली असतात. हा किल्ला बांधणाऱ्यांनी समुद्रालाच पहाऱ्याला बसवले होते, हे त्या एका रेषेवरून समजते.

आत गेल्यावर तटावरून उजवी-डावी अशी पूर्ण फेरी मारावी. तोफा जागोजागी आहेत, काही पितळी तोफांवर अक्षरे आणि राजचिन्हे कोरलेली आहेत. मुलांना त्या अक्षरांवरून बोट फिरवू द्यावे, पण तोफेवर चढू देऊ नये. दगडी आणि लोखंडी गोळे ठिकठिकाणी पडलेले दिसतात. दीपगृहाजवळच्या बाजूने समोर पाण्यात जहाजाच्या आकाराची एक गढी दिसते, ती पाणीकोठा. खाडीच्या तोंडाशी उभी असलेली ही गढी बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक जहाजावर नजर ठेवत असे. तटाला अनेक ठिकाणी कठडा नाही, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नये.

गंगेश्वर

शहरापासून जवळच फुदम गावाच्या हद्दीत, समुद्रालगतच्या कपारीत गंगेश्वर महादेव आहे. खडकात लहान-मोठी पाच शिवलिंगे आहेत आणि पांडवांनी वनवासात त्यांची स्थापना केली अशी श्रद्धा आहे. येथे पोहोचण्याची योग्य वेळ एकच: ओहोटी संपून पाणी परत चढू लागते तेव्हा. त्या वेळी लिंगे मोकळी असतात, हाताने पाणी वाहता येते, फूल ठेवता येते. आणि तासा-दीड तासात लाटा एकेक पाऊल पुढे येत शेवटी स्वतःच अभिषेक करू लागतात. हे सगळे बसून पाहण्यासाठी आहे. घाईने दर्शन घेऊन निघणाऱ्याला यातले अर्धेच मिळते. खडक शेवाळाने निसरडा असतो, म्हणून नऊवारी नेसणाऱ्या बायकांनी काष्टा वर खोचून घ्यावा आणि रबरी तळव्याची चप्पल पायरीपर्यंत तरी पायात ठेवावी.

माझी मावशी दुसऱ्या खेपेला सोबत होती. तिचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे गेलेले. तिने ओंजळीत पाणी घेतले, कपाळाला लावले, मग थोडे जिभेवर ठेवले आणि म्हणाली, "अवं बाई, हे तं आपल्या हिरीवानीच हाय, जरा जास्त खारं." त्यानंतर पाणी गुडघ्यापर्यंत येईतो ती तेथून हलली नाही.

बेटावर जालंधराचेही स्थान आहे. लोकसमजुतीनुसार हा प्रदेश जालंधर दैत्याचा होता आणि विष्णूने त्याचा वध येथे केला. जालंधराची पत्नी वृंदा म्हणजेच आपली तुळस. कार्तिकात उसाचा मांडव घालून जिचे लग्न आपण अंगणात लावतो, तिचीच ही कथा आहे. जालंधर किनारा खडकाळ आहे, तेथे पाण्यात उतरू नये.

शहर, गुंफा आणि किनारे

शहरातले सेंट पॉल चर्च अवश्य पाहावे. जेसुइट या ख्रिस्ती धर्मसंघाने बांधलेल्या या चर्चचे काम 1610 मध्ये पूर्ण झाले. बाहेरची पांढरी भिंत आणि आतली कोरीव लाकडी वेदी या दोन्ही गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. सेंट थॉमस चर्चमध्ये आता संग्रहालय आहे आणि असिसीच्या सेंट फ्रान्सिस चर्चच्या इमारतीत रुग्णालय चालते. आत प्रार्थना चालू असेल तर आवाज न करता मागे उभे राहावे, एवढे मुलांना आधी सांगून ठेवावे. जुन्या शहराच्या तटबंदीतला झांपा दरवाजा आणि त्यावरचे कोरलेले सिंह पाहून तेथून जवळच असलेल्या नायडा गुंफांत जावे. या नैसर्गिक गुंफा नव्हेत. बांधकामासाठी दगड काढता काढता तयार झालेल्या त्या खाणी आहेत. वरच्या भेगांतून ऊन तिरपे उतरते तेव्हा, म्हणजे सकाळी दहाच्या पुढे, त्या सर्वांत चांगल्या दिसतात.

समुद्रस्नानासाठी नागोवा. हा घोड्याच्या नालेच्या आकाराचा, वाळूचा किनारा आहे. येथे होका नावाची झाडे आहेत, आणि त्यांच्याकडे बहुतेक प्रवासी ढुंकूनही पाहत नाहीत याचे मला वाईट वाटते. आपल्याकडची शिंदी किंवा ताड एकाच खोडाने सरळ वर जातो. होक्याचे खोड मात्र वर जाऊन दुभंगते, त्या दोन फांद्या पुन्हा दुभंगतात आणि प्रत्येक टोकाला पंख्यासारख्या पानांचा झुबका असतो. पोर्तुगीजांनी हे झाड आफ्रिकेतून आणले, असे तिकडे सांगतात. त्याचे तांबूस फळ स्थानिक मुले खातात.

नागोव्याला गर्दी असेल तर घोघल्याचा किनारा धरावा. 2020 मध्ये देशातील ज्या आठ किनाऱ्यांना स्वच्छतेचे आणि सोयींचे ब्लू फ्लॅग मानांकन प्रथम मिळाले, त्यांत घोघला आहे, आणि बायकांना कपडे बदलण्यासाठी तेथे बरे पडते. कोठेही पाण्यात उतरताना एक नियम पाळावा: कमरेच्या वर पाणी जाऊ देऊ नये. नदीत किंवा विहिरीत पोहता येते म्हणून समुद्रात पोहता येते असे नाही, कारण परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि माणसाचा तोल जातो. ओहोटी चालू असताना तर मुलांना काठावरच बसवावे.

खुकरी स्मारक

शेवटच्या संध्याकाळी चक्रतीर्थ किनाऱ्यावर जावे. तेथे टेकडीवर समुद्राकडे तोंड करून आयएनएस खुकरीचे स्मारक आहे. 1971 च्या युद्धात 9 डिसेंबरच्या रात्री दीवपासून दूर समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने ही युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक तिच्यासोबत गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी इतरांना वाचवण्याची धडपड केली आणि स्वतः जहाज सोडले नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. स्मारकात काचेच्या घरात जहाजाची प्रतिकृती आहे. त्याच नावाची दुसरी नौका 1989 मध्ये नौदलात आली, 2021 मध्ये निवृत्त झाली आणि नंतर दीव प्रशासनाच्या स्वाधीन करण्यात आली. स्मारकापाशी जोडे काढून, सूर्य पाण्यात बुडेपर्यंत शांतपणे बसावे. आमच्या गटात सैन्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, ते अंधार पडेपर्यंत सावधान उभे राहिले.

जेवण आणि परतीची वाट

मासे खाणाऱ्यांची चंगळ होते. बेटाच्या पश्चिम टोकाला असलेल्या वणाकबारा बंदरावर मासेमारीच्या होड्यांची गर्दी पाहायला मिळते. माळकरी आणि महानुभाव मंडळींना गुजराती थाळी सर्वत्र मिळते, परंतु आमटीत गूळ असतो, म्हणून मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी घरून न्यावी. चार दिवसांच्या पोळ्या टिकत नाहीत, दशम्या टिकतात.

गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि दीवमध्ये नाही. शनिवार-रविवारच्या गर्दीचे ते एक मोठे कारण आहे. वर्धा आणि गडचिरोलीच्या वाचकांना बंदीचे नियम नवीन नाहीत, पण इतरांना सांगणे आवश्यक आहे: घोघला आणि तड या दोन्ही नाक्यांवर गाड्या तपासल्या जातात आणि एक बाटलीही सापडली तर गुन्हा दाखल होतो. भाड्याची गाडी असेल तर निघण्यापूर्वी आपल्या चालकालाही हे बजावून ठेवावे, कारण डिकीत त्याने काही ठेवले तर खोळंबा सर्वांचा होतो.

परतताना सकाळीच निघून सोमनाथला थांबावे. 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्रतिष्ठापना झालेल्या मोठ्या मंदिराचे दर्शन झाल्यावर, जवळच अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात बांधलेले जुने सोमनाथ मंदिर आहे तेही पाहावे. तेथे गर्दी नसते, गाभारा खाली आहे, आणि पायऱ्यांवर निवांत बसून शिदोरी सोडण्यापुरता वेळ हाताशी ठेवला तर वेरावळची रात्रीची गाडी आरामात मिळते.